महादेवशेठची जीप का तापायची

काळूराम गाडीला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे खाकी चड्डीला पुसायचा. हाताला तेल असायचं म्हणून नाही. घामट हाताला गरम-गार नीट कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग डोळे मिटून तो एकेका जागी तळवा टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. वैद्य पोट तपासतो ना, अगदी तसं.

पनवेलला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. शेजारी माझं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो, आणि गिऱ्हाईक बहुतेक नसायचंच. काळूराम मूळचा उलव्याचा. बाप, आजा, सगळे मिठागरात राबलेले. लढाईच्या दिवसांत तो लष्कराच्या एका कारखान्यात झाडू मारायला लागला आणि सुटताना इंजिन उघडायला शिकून आला. इंग्रजी त्याला फक्त सुट्या भागांपुरतं यायचं, पण तेवढं मात्र साहेबासारखं.

तापलेली गाडी हा त्याचा खास विषय. एकदा एका वरातीची मोटर वाफा सोडत त्याच्या दारात थांबली. नवरा आत, करवल्या आत, ड्रायव्हर रडकुंडीला. काळूरामनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळांचा एवढा पडदा सोडला होता की आत वारा जायला जागाच नव्हती. त्यानं माळा काढायला हात घातला तर नवऱ्याची आत्या अंगावर आली, शुभकार्यात फुलं काढतोस म्हणून. काळूराम म्हणाला, "काढत नाय आत्याबाई, मागं बांधतो. नवरा बी मागंच बसलाय." वरात हसत पुढे गेली. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल, आणि अजून सांगतो.

पण खरी सांगायची ती महादेवशेठच्या जीपची.

शेठ पनवेलचे मिठाचे व्यापारी. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली एक जुनी जीप त्यांनी घेतली, डावीकडे सुकाणू असलेली. मिठागराच्या बांधावरून मिठाच्या गोणींचा ट्रेलर ओढत धक्क्यापर्यंत न्यायचा, एवढंच तिचं काम. चालवायला दयाराम. हा दयाराम आधी त्याच मिठागरात डोक्यावर पाट्या वाहायचा. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात पैसा उभा राहील. काळूरामनं त्याला गाडी शिकवली, शेठनं जीपवर घेतलं, आणि चार वर्षांत त्या भेगा भरून आल्या. मला तो पाय दाखवायचा. "बगा, माणसाचे पाय झाले," म्हणायचा.

त्रेपन्न-चोपन्न सालचा उन्हाळा. फाल्गुनापासून जीप तापायला लागली. सडकेवर ठीक चालायची, पण बांधावर हलक्या गिअरात ट्रेलर ओढायला लागली की तिसऱ्या फेरीला पाणी उकळायचं. पहिल्या खेपेला काळूरामनं पंख्याचा ढिला पट्टा आवळला. आठवड्यानं जीप परत. मग खालची रबरी नळी बदलली, ती आतून पापुद्रे सुटून मऊ पडली होती. दहा दिवसांनी पुन्हा परत. पाणी तापेपर्यंत त्याला अडवून धरणारी एक झडप असते, ती त्यानं काढूनच टाकली. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का बघितलं, तेलात पाणी उतरलंय का बघितलं. काही नाही.

तोपर्यंत काळूराम थकला होता. वय काही फार नव्हतं, चाळिशीचं, पण त्या चैत्रात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, आणि रोज कोणीतरी वाफ सोडत यायचंच. जेवायला बसला तरी घास हातात धरून तो रस्त्याकडे बघत राहायचा. त्याची बायको गोदू एकदा मला म्हणाली, "भावजी, यांना सांगा, झोपेत मला पट्टा आवळा म्हनतात."

चौथ्या खेपेला जीपमध्ये शेठ स्वतः बसून आले. टोपी काढून कपाळ पुसलं आणि बाकड्यावर बसले.

"काळूराम, आता मला एकच सांग. हा खाडीचं पाणी भरतो की नाही?"

दयाराम जीपमधून उतरला नव्हता. तिथूनच म्हणाला, "शेठ, मी दोन डबे गोडं पानी घेऊन फिरतो. कुनालाबी विचारा."

"कुणाला विचारू? मिठाच्या ढिगाला?" शेठ म्हणाले. "गोडी विहीर मैलभर लांब. खारं पाणी पायाशी. गाडी उकळली की तू मैलभर चालत जातोस होय? मला शहाणपण शिकवू नकोस. काळूराम, मीठ साचलं असेल तर आजपासून हा गाडीवर नाही. पाटी आहे, मिठागर आहे, जाऊ दे परत."

दयाराम सुकाणूवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसला.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हात भाजतो. म्हणून तासभर सगळे बसून राहिलो. मी चहा मागवला. शेठनी घेतला, दयारामनं घेतला नाही. गाडी निवल्यावर काळूरामनं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आता हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण मिठागरात एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात कधी सोडायचं हे त्याची आई जिभेवर ठरवायची. तो त्या आईचा मुलगा. पाणी किती खारं ते त्याला माप न लावता कळायचं.

"खारं नाय," काळूराम म्हणाला. "गोडं हाय. विहिरीचं."

दयारामनं जीपच्या टपाच्या दांडीला डोकं टेकवलं.

"मग तापते का?" शेठ म्हणाले.

काळूरामनं पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाटलं. तिसऱ्यांदा चाटलं. या वेळी बोट तोंडातून काढायलाच त्याला उशीर लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पुढे कितीतरी दिवसांनी त्यानं मला सांगितलं की आधी नुसता गंज लागला, आणि गंजाच्या मागून काहीतरी कडवट आलं. घरातलं, चुलीपाशी बसून खातो त्यातलं.

"चालू कर," तो दयारामला म्हणाला.

इंजिन फिरू लागलं. पाणी तापायला वेळ गेला. मग काळूरामनं तळवे चड्डीला पुसले, डोळे मिटले आणि रेडिएटरच्या मागल्या बाजूनं पंखा चुकवत हात वरून खाली नेला. वर चटका. डावीकडे चटका. मध्ये आणि खाली, दोन वितींचा पट्टा, माठाला हात लावावा तसा गार. गरम पाणी तिथून खाली उतरतच नव्हतं. मोकळ्या सडकेवर वारा भरपूर, उरलेल्या नळ्यांवर भागायचं. बांधावर बैलाच्या चालीनं ओढ काढताना भागत नव्हतं.

"अर्धा बंद हाय," तो म्हणाला. "काढावा लागंल."

शेठ बसून राहिले. त्यांना बघायचंच होतं. काळूरामनं रेडिएटर उतरवला, डाग देण्याच्या दिव्याच्या ज्योतीनं सांध्याचं कथील वितळवलं आणि खालची टाकी ओढून बाजूला केली. फरशीवर चिखल पडला. पिवळा.

"हे काय?" शेठ उठले. "हे पिवळं काय आहे? दयाराम, काय ओतलंस तू यात?"

दयारामला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मार्गशीर्षात दगड उडून रेडिएटरला भोक पडलं होतं, तेव्हा गोदूवहिनींच्या डब्यातून मूठभर हळद काळूरामनंच आत सोडली होती. पाण्याबरोबर फिरत ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. पौषात पुन्हा गळलं, तेव्हा दोन मुठी. हे त्याचं ठेवणीतलं औषध. त्यासाठी लांबून ड्रायव्हर यायचे, आणि वहिनी म्हणायच्या, "आमच्या कालवनापरीस गाड्याच जास्त पिवळ्या." इतक्या गाड्या त्या हळदीवर चालल्या होत्या की तिच्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. दर खेपेला तो दुसरंच तपासत राहिला. भोक बुजवून उरलेली हळद बारीक नळ्यांत साचत गेली, गंज आणि माती तिला चिकटत गेली.

दयारामनं काळूरामकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बोलला असता तर वाचला असता, तरी नाही बोलला. मीही नाही बोललो, ते मला अजून लागतं.

"बोल ना," शेठ म्हणाले.

"हळद हाय ती," काळूराम म्हणाला. तो उकिडवाच बसला होता, वर बघितलं नाही. "मी टाकली. दोनदा. त्याचा काय संबंध नाय."

"तू टाकलीस?"

"होय."

"आणि तीन खेपा मला पट्टा सांगतोस, नळी सांगतोस?"

"माझ्या ध्यानात नाय आलं शेठ."

शेठनी टोपी घातली. "यापुढे माझी गाडी दुसरीकडे जाईल."

"जाऊ द्या. पन ही पुरी करून देतो."

शेठ रस्त्यापर्यंत गेले, वळले. "दयाराम, गाडी झाली की मिठागरावर ये."

"पाटीला?" दयारामनं विचारलं.

"गाडी मग काय मी चालवू?" शेठ म्हणाले आणि निघून गेले.

त्या कामाला दोन दिवस लागले. भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची स्प्रिंग काळूरामनं तोडून सरळ केली आणि ती पातळ पट्टी एकेका नळीत घालून वर-खाली करत राहिला. दयाराम पाणी ओतायचा, पिवळं यायचं, पुन्हा पट्टी. बोटं कापली, त्यावर चिंधी बांधली, पुन्हा पट्टी. दरम्यान बातमी पसरली. दोन ड्रायव्हर येऊन म्हणाले, आमच्यातबी घातली होतीस ना रे? "घातली होती," काळूराम म्हणायचा, "घेऊन या, सोडवून देतो." घेऊन आले ते थोडेच. बाकीचे पुढच्या शेडला गेले, आणि त्या शेडवाल्यानं चिडवायला हळदीचा डबा दारातच मांडला. मी चिडलो. काळूराम म्हणाला, "मांडू दे रे. मला आता बोलायचा कंटाळा आलाय."

तिसऱ्या दिवशी रेडिएटर चढला. मी सायकलवर मागून गेलो. बांधावर भरलेला ट्रेलर जोडला, काळूराम दयारामच्या शेजारी बसला, नजर तापाच्या काट्यावर. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या फेरीला काटा जिथे रोज उडी घ्यायचा तिथे पोचला आणि तिथेच टेकून राहिला. चौथी. पाचवी.

सहाव्या फेरीला दयाराम धक्क्यावर थांबला आणि काहीतरी सांगायला वळला. काळूरामची मान छातीवर पडली होती. चिंध्या बांधलेले हात मांडीवर उलटे, तोंड थोडं उघडं, बारीक घोरत होता. हमाल ट्रेलर रिकामा करायला आले, गोणी आपटायला लागले.

"हळू रे," दयाराम त्यांना म्हणाला. त्यानं इंजिन बंद केलं, डोक्याचं फडकं सोडून उन्हाच्या बाजूला दांडीला बांधलं, आणि तसाच बसून राहिला.