बायकोची किडनी

मलकापूरच्या फलाटावर तो माझ्या शेजारी बसला होता. तोंडाला मास्क आणि हात ओटीपोटावर, आत कोणी झोपलं असावं तसा अलगद ठेवलेला. तिथे बायकोची किडनी बसवल्याचं त्यानंच सांगितलं.

"अंग तिले परकी समजते, म्हून रोज गोळ्या. पण डॉक्टर म्हणते, रक्तात काही पेशी बाकीच्याइले आवरतात. सांगतात, हे आपलंच हाय, मारू नका. त्या वाढवता येतील काय, हे अजून पाहून राह्यले."

मग तो एकदम कपाशीवर आला. "बीटीच्या, म्हंजे अळी मारणाऱ्या बियाच्या, थैलीत साध्या बियाची पुडी ये. कंपनीवाले म्हणत, कडेनं लावा, थोड्या साध्या अळ्या जगू द्या, म्हंजे बीटी पचवणाऱ्या अळ्याइचीच जात वाढणार नाही. आमी हासून पुडी फेकली. मंग अळी बीटीलेच जुमानेना. मारावं का आवरावं, मले तं काही समजूनच नाही राह्यलं."



तेवढ्यात त्याची बायको पाण्याची बाटली भरून आली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "इतकी वर्सं संसार केला, तरी अंगाले हे परकीच."

तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. "तुमच्या घरानं मले आपलं म्हणायले कमी वर्सं लागले काय? घ्या."