सुग्रीवची चाल

सुग्रीव राज्यात पहिला आला तो चालण्याच्या शर्यतीत, आणि गावात त्यानं सांगितलं पळण्याच्या. थाप एवढीच, पण ती चांगलीच अंगाशी आली.

चालण्याच्या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो. पळाला की बाद. मग वेग आणायचा कुठून, तर कमरेतून. त्यामुळे ही माणसं कंबर हलवत चालतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नाही. वडीगोद्रीच्या रस्त्यावर तो सराव करायचा, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या. एकजण म्हणाला, "बाईवानी चालून राह्यलाय." ते शब्द सुग्रीवच्या जिव्हारी लागले. त्यानं सराव लांब अंबडला नेला. गावात तो मुद्दाम पाय ओढत चालू लागला, आणि आईबरोबर बाजाराला गेला तर पिशवी घेऊन चार पावलं मागं राहू लागला.

खरं तर ती चाल आईचीच होती. घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड बाहेर पडायचं. पुढं बाप राधाकिसन मेंढरांबरोबर, मागं आई आसराबाई, डोक्यावर संसाराचं गाठोडं. गाठोडं हलू नये म्हणून मान ताठ, पाय जमिनीलगत, आणि सगळी हालचाल कमरेत. तिच्या मागोमाग चालत सुग्रीव लहानाचा मोठा झाला. प्रशिक्षकांनी एकदा विचारलं, ही चाल कुठून आली? तो म्हणाला, कुठून नाही, आपोआप आली.

पदक मिळालं तसा गावानं फलक लावला, 'आमचा धावपटू'. सुग्रीवला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. मारुतीच्या पारावर सत्कार झाला, शाल-नारळ झाला, आणि सरपंच भुजंगअण्णांना हुक्की आली. पोलीस भरतीची तयारी करणारी मंडळी समोरच उभी होती. त्यांच्याबरोबर सुग्रीवनं वेशीपासून पारापर्यंत पळून दाखवावं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

सुग्रीव पळाला. पाय उचलायचा नाही, हेच वर्षानुवर्षं अंगात भिनवलेलं. पाय ऐकेचनात. तो सगळ्यांत शेवटी आला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पदक इकत आणलं का काय?" मंडळी पोट धरून हसली. पुढच्या रांगेत बसलेली आसराबाई मांडीवरचा नारळ घेऊन उठली आणि खाली मान घालून घरी गेली. सुग्रीवला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर त्यानं तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, चालून दाखव. अंगणात तो चालला, या कुडापासून त्या कुडापर्यंत आणि परत. ती हसली नाही.

"ही तर माही चाल हाय," ती म्हणाली.

सुग्रीवनं मान डोलावली. लोक हसायचे म्हणून लपवली, एवढं कसंबसं बोलला.

आसराबाई बराच वेळ नारळाची शेंडी उपटत राहिली. मग म्हणाली, "बाजारात तू मागं मागं राहायचास. मला वाटायचं, पिशवी जड झाली असंल."

पिशवी कधीच जड नव्हती.