अपडेट घेणाऱ्या बाई

"आला? घेऊन टाकू."

फोनवर नवा अपडेट आल्याची सूचना दिसली की बाई एवढंच म्हणायच्या. पदराच्या टोकानं काच पुसायच्या आणि होकाराचं बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. काय आलंय, किती मोठं आलंय, कोणाला त्याचा त्रास झालाय का, कसली म्हणून चौकशी नाही. फोन काळा पडून पुन्हा उजळेपर्यंत त्या निवांत चहा पीत बसायच्या.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेलच. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत माझ्यासारखाही कोणी असेल, जो तीच सूचना बोटानं बाजूला सारतो आणि म्हणतो, "चालून राह्यलं ना बरोबर? मंग कायले हात लावायचा?"

आम्ही दोघं तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर, बेल्याकडच्या एका गावातल्या मराठी शाळेत शिकवायचो. बाई मराठी शिकवत, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत चार्जिंगची जागा एकच होती, त्यामुळं मधल्या सुट्टीत सगळ्यांचे फोन आणि सगळ्यांची मतं तिथंच जमायची. माझं म्हणणं ठरलेलं होतं. अपडेट घेतला की फोन जड होतो, बॅटरी दुपारीच संपते, चांगली चाललेली वस्तू बिघडते. बाई म्हणायच्या, "सर, तुमी फोनले म्हातारा करून ठेवलं." आमचे हेडमास्तर मूळ तेलुगू माध्यमातले. आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलत. ते पेपर खाली ठेवून विचारायचे, "तुम दोनों का फैसला कब होगा?"

फैसला काही होत नव्हता.

बाईंना ऐकू कमी यायचं. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. मी शाळेत नवा रुजू झालो तेव्हा नमस्कार झाल्या झाल्या त्यांनी मला सांगितलं, "सर, उजव्या बाजूनं बोलत जा. डावा कान निस्ता डूल घालायले हाये." मी हसावं की नाही या विचारात असताना त्या स्वतःच मोठ्यानं हसल्या.

पुढं उजवाही कमी होत गेला. त्यांची लेक यवतमाळला असते. तिनं आईच्या दोन्ही कानांत नवी यंत्रं बसवून घेतली, फोनशी जोडली जाणारी. फोन मुलांच्या बेंचवर ठेवायचा, म्हणजे बोलणाऱ्या मुलाचा आवाज फोन उचलणार आणि थेट बाईंच्या कानात पोचवणार. कल्पना झकास होती, पण सुरुवातीला आवाज तुटक यायचा. बाई वैतागून यंत्रं काढून पर्समध्ये टाकायच्या. लेकीनं फोनवरून सांगितलं, "आई, अपडेट आलाय, तो घे." बाईंनी घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वर्गात होतो. बाईंच्या वर्गात रेणुका नावाची मुलगी धडा वाचत होती. मागच्या बेंचवर बसणारी, अगदी हळू बोलणारी पोर. वाचता वाचता ती थांबली, कारण बाई खुर्चीवरून उठून तिच्यापाशी आल्या होत्या. हे मला नंतर कळलं; भिंतीपलीकडून तेव्हा फक्त बाईंचा आवाज ऐकू आला.

"असा आहे होय गं तुझा आवाज!"

तिला त्या दोन वर्षं शिकवत होत्या.

त्या दिवसापासून बाई अपडेटवाल्या झाल्या. हे कारण कळल्यावर मी वाद घालायचं सोडायला हवं होतं, पण सवय वाईट. मी म्हटलं, "एक बरा निघाला म्हणून सगळेच बरे निघतीन काय?"

"बिघडल्यावर पाहू," बाई म्हणाल्या.

आणि बिघडलंच.

हिवाळ्यात एक मोठा अपडेट आला. फोनचं रूपच पालटलं, चिन्हं गोलमटोल झाली, जुन्या गोष्टी नव्या जागी जाऊन बसल्या. पहिले दोन दिवस फोन तव्यासारखा तापायचा आणि जेवणाच्या सुट्टीतच बॅटरी मान टाकायची. मी मनातून खूश होतो. बाई म्हणाल्या, "नव्या घरात सामान लावून राह्यला तो, लावू द्या." ते खरंही निघालं. तिसऱ्या दिवशी फोन थंड झाला, बॅटरी टिकू लागली, आधीपेक्षा जलदही चालू लागला. पण कानातला आवाज मात्र तुटायला लागला. दर थोड्या वेळानं फोन आणि यंत्रं यांची गाठ सुटायची, आणि वाक्याच्या मधेच बाईंच्या कानांत सगळं शांत व्हायचं.

मी पाहिलं, बाई फोन डोळ्यांजवळ धरून अपडेटसोबत आलेली माहिती वाचत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"कामगिरी आणि स्थिरता यांत सुधारणा करण्यात आली आहे," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "सर, या वाक्यात कर्ता नाई. कोणी केली, कोणासाठी केली, काई पत्ता नाई. मराठी शिकवते मी, अन् बिनकर्त्याच्या वाक्यावर भरोसा ठेवून बसली."

मला तेव्हा 'मी म्हटलं होतं' असं म्हणता आलं असतं. त्यांचा चेहरा पाहून मी हात पुढं करून फोन मागून घेतला.

आदिलाबादच्या दुकानात मी स्वतः फोन घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, मागच्या आवृत्तीवर जायचं तर फोन सगळा पुसावा लागेल आणि मधेच अडकला तर फोन हातचा जाईल. लेकीनं यंत्रवाल्यांकडं चौकशी केली. त्यांचं उत्तर असं की नव्या प्रणालीचं आणि यंत्राचं अजून जमलेलं नाही, दुरुस्ती येते आहे. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शाळा मात्र थांबत नव्हती. एका मुलीचे वडील हेडमास्तरांकडं आले. भला माणूस, आवाजही चढवला नाही. "साहेब, माही पोरगी उत्तर सांगते अन् बाई दुसऱ्याच पोराले शाबासकी देतात. बाई चांगल्या हायेत, पण पोरीचं नुकसान होऊन राह्यलं." खोटं काही नव्हतं त्यात. तसं घडलं होतं.

त्यातच मंडलाचे, म्हणजे तिकडच्या तालुक्याचे, शिक्षण अधिकारी वाचनाची तपासणी करायला येणार असल्याचं कळलं. अहवाल वाईट गेला तर बाईंचा वर्ग जाणार आणि कागदपत्रांच्या कामावर बसावं लागणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. हेडमास्तरांनी प्रेमानंच सुचवलं, "मॅडम, तेवढे दिवस मेडिकल लीव्ह टाका. सर तुमचा क्लास घेतील."

बाई म्हणाल्या, "रजा आजारी माणूस घेते. मी आजारी नाई, मले ऐकू येत नाई. दोन वेगळ्या गोष्टी हायेत."

मग वर्गाकडं जाऊन त्यांनी बेंच हलवायला सुरुवात केली. रांगा मोडल्या आणि सगळे बेंच भिंतीलगत घोड्याच्या नालेसारखे लावले. कोणाचीही पाठ कोणाला दिसणार नाही, प्रत्येक तोंड बाईंसमोर. मुलांना त्यांनी सरळ सांगितलं, "माझा फोन रुसलाय. त्याची समजूत निघेपर्यंत मी तुमचे ओठ वाचणार आहे. तोंड उघडून, मान वर करून बोलायचं. पुटपुटलात तर मला काही कळणार नाही."

मुलांना तो खेळच वाटला. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. नंतर मात्र माझ्या वर्गात एक नवीच अडचण सुरू झाली. भिंतीपलीकडून इतकं स्वच्छ, इतकं खणखणीत वाचन येऊ लागलं, की माझी मुलं गणित सोडून धडा ऐकत बसायची. त्या आवाजांत रेणुकाचाही आवाज होता. ओळखायला मला वेळ लागला.

अधिकारी आले त्या दिवशी हेडमास्तरांनी धीराला म्हणून मलाही सोबत घेतलं. आम्ही दाराशी उभे राहिलो. साहेब तेलुगू भाषक, पण सीमेवर नोकरी केलेली, मराठी नीट समजायचं. ते वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसले. फोन बेंचवर होता आणि नशिबानं तोवर गाठ टिकून होती. बाई फळ्यावर लिहीत असताना नेमकी ती सुटली असावी, आणि तेव्हाच साहेबांनी मागून काहीतरी विचारलं.

बाई लिहीतच राहिल्या.

साहेबांनी पुन्हा विचारलं. खडू फळ्यावर चालतच होता. हेडमास्तरांनी माझं मनगट धरलं. तेवढ्यात रेणुका उठली आणि तिनं नुसता हात वर केला. बाईंच्या नजरेच्या कडेला ती हालचाल आली. त्या वळल्या, मुलांचे चेहरे पाहिले, साहेबांचा पाहिला, आणि काय झालं ते त्यांना कळलं.

त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, नवा अपडेट फोनला आलाय, माझ्या कानाला नाही. समोर या, मग विचारा."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब उठून खरोखरच समोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, सुनाई नहीं देता तो बच्चे की गलती कैसे पकड़ोगे?"

"कोई भी बच्चा उठाइए."

त्यांनी एका मुलाला उठवलं. तो वाचू लागला. चार ओळी गेल्या असतील नसतील, बाईंनी बोट वर केलं. "ओठ लवकर मिटले तुझे. शब्दाचं शेपूट गिळलंस. पुन्हा." मुलानं जीभ चावली आणि तो शब्द पुन्हा, पूर्ण वाचला. दाराशी उभं राहून मला ती चूक ऐकू आली होती. बाईंना ती दिसली होती.

साहेबांनी आणखी मुलं उठवली. शेवटी रेणुकाला उठवलं. ती मान वर करून वाचत गेली आणि थांबायचं विसरली. साहेबांनीही तिला थांबवलं नाही.

बाहेर पडताना ते हेडमास्तरांना म्हणाले, "इस कमरे के बेंच ऐसे ही रहने दो. बाकी कमरों में भी लगाओ." बस, एवढंच. बाईंचा वर्ग बाईंकडं राहिला. तक्रार घेऊन आलेले वडील नंतर एकदा फाटकात भेटले. बाईंच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, इकडून बोलू ना?" बाईंनी त्यांना आत नेऊन चहा पाजला.

पुढं एक लहानसा अपडेट आला. यंत्रवाल्यांनी सांगितलेली दुरुस्ती हीच असावी, असं लेकीचं म्हणणं पडलं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमलो. मी अक्षरशः त्यांच्या फोनवर हात ठेवला.

"बाई, नोका दाबू. मुश्किलीनं सगळं जमलं हाये. अजून बिघडलं त?"

"बिघडलं त बेंच हायेत," बाई म्हणाल्या आणि माझा हात बाजूला करून त्यांनी बटण दाबलं.

फोन सुरू झाल्यावर रेणुकाला फोन देऊन व्हरांड्याच्या टोकाला उभं केलं. बाई आमच्याकडं पाठ करून, डोळे मिटून बसल्या. रेणुका तिकडं हळू आवाजात वाचत होती, आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाई मात्र एकेक शब्द तिच्या मागून म्हणत होत्या. पानभर झालं, आवाज कुठं तुटला नाही. मग आमच्यातल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक हेडमास्तरांनी.

आता तुम्ही मला विचाराल की अपडेटनं फोन सुधारतो की बिघडतो. मी खात्रीनं सांगतो, दोन्ही होतं, आणि तेही एकाच फोनवर होताना मी पाहिलं आहे. पहिल्या दोन दिवसांवरून त्याला नावं ठेवू नयेत, आणि नंतर येणाऱ्या लहान दुरुस्त्या सोडू नयेत. बाईंनीही त्यानंतर आपली रीत थोडी बदलली. परीक्षेच्या आठवड्यात अपडेट घ्यायचा नाही. मोठा असेल तर आधी लेकीच्या फोनवर कसा चालतो ते पाहायचं. पण नाकारायचा नाही. मीही आता घेतो. आधी फोटो दुसरीकडं उतरवतो, फोन पूर्ण चार्ज करतो आणि मग घेतो. या तयारीला बाई हसायच्या. "सर, बटण दाबून राह्यले की लगीन करून राह्यले?"

बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडं यवतमाळला गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, मुलांची लाडकी आहे. शिक्षकांच्या खोलीत आता अपडेटवर वाद होत नाही. कोणाला त्याचं काही पडलेलं नाही, आणि मला तेवढंच चुकल्यासारखं वाटतं.

यंदा पोळ्याला बाईंचा फोन आला. शाळेला सुट्टी होती, मी गावातच एका मित्राच्या ओसरीवर उभा राहून बोलत होतो. नातवंडांची चौकशी झाली, हेडमास्तरांच्या गुडघ्यांची झाली. मी नव्या पुस्तकाविषयी काहीतरी सांगत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा सर, थांबा जरा. तुमच्या मागून घुंगरं वाजून राह्यली ना?"

मी वळून पाहिलं. रस्त्याच्या पार वळणावर एक जोडी येत होती, शिंगं रंगवलेली, पाठीवर नवी झूल. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

हात लांब करून फोन रस्त्याकडं धरला आणि ती जोडी समोरून जाईपर्यंत तसाच उभा राहिलो.