फिरता तास

आमच्या मुलुंडच्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तुकड्या होत्या दोन आणि कलेचे विषय होते तीन: चित्रकला, संगीत आणि शिवण. पुढचा सगळा घोळ या दोन आणि तीनमध्येच झाला. दोन्ही तुकड्यांची मुलं एकत्र करायची, त्यांचे तीन गट पाडायचे, एकाच वेळी तीन खोल्यांत पाठवायचे आणि प्रत्येक परीक्षेनंतर गट पुढे सरकवायचे. वर्ष संपेपर्यंत प्रत्येक पोराच्या हाताला रंग लागलेला असे, चार सूर कानावर पडलेले असत आणि शर्टाचं बटणही लावता येत असे. याला आम्ही फिरता तास म्हणायचो.

वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे, कारण मी गणिताची. गणिताच्या बाईला वेळापत्रक येतंच असा मुख्याध्यापकांचा ठाम समज होता, जसा संगीताच्या सरांना माइक दुरुस्त करता येतो असाही होता. मे महिन्यात स्टाफरूमच्या फरशीवर पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे मांडून मी बसायचे. एक तुकडा म्हणजे एक तास. फिरत्या तासाचा तुकडा तीन रंगांचा असायचा. तो एकदा बसला की बाकीचे त्याच्याभोवती कोंबायचे. शिवणाची बाई माझी मैत्रीण. ती शेजारी बसून पुठ्ठे कापून द्यायची, कारण माझं कापणं तिला बघवत नसे. ती नाहूरला राहायची, मूळची मालवणकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

ऐंशीचं दशक संपता संपता शाळेत कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, वेगळे पडदे आणि बाहेर चपला काढायचा नियम. देवघराचाही एवढा थाट आम्ही ठेवत नव्हतो. संस्थेच्या सेक्रेटरींचा जावई अंधेरीला कुठेतरी कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याने वेळापत्रकाचा प्रोग्रॅम बनवून दिला. ‘मॅडम, तुमचे पुठ्ठे आता रद्दीत टाका,’ तो मला म्हणाला. खरं सांगते, मला आनंदच झाला. माझा मे महिना सुटणार होता.

जूनमध्ये छापील कागद आले. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजीत. ज्याला तास नाही त्याच्या खणात ‘फ्री’ छापलेलं. शिवणाच्या बाईचं पान मी उघडलं तर सोमवारपासून शनिवारपर्यंत प्रत्येक खणात तेच. फ्री, फ्री, फ्री. तिचे सगळे तास फिरतेच होते. त्या प्रोग्रॅमला एका तुकडीच्या एका खणात एकच विषय आणि एकच शिक्षक समजायचा. तुकड्या दोन, म्हणून खण दोन. त्यात चित्रकला आणि संगीत जाऊन बसले आणि शिवणाला जागाच उरली नाही.

ती मात्र हसली. ‘वर्षभर सुट्टी गं मला! झकास!’ सगळी स्टाफरूम हसली. कागदात चूक झाली तर ती आपण खोडतो, एवढंच मला माहीत होतं. या कागदावर पेन टेकवायला कुणीच तयार होईना.

फिरता तास पूर्वीसारखाच चालू राहिला, मुलं कापड आणि सुया घेऊन तिच्या खोलीत जात राहिली. पण रोज सकाळी कुणी रजेवर असलं की पर्यवेक्षक छापील कागद बघायचे आणि बदली तासावर तिला पाठवायचे. इकडे आठवीची पोरं तिची वाट बघतायत आणि ती तिकडे पाचवीच्या वर्गावर. ‘बाई तर फ्रीच आहेत ना,’ हे उत्तर ठरलेलं. हळूहळू तिचं नावच ‘फ्री बाई’ पडलं. आधी ती चेष्टा होती, मग शिपाईसुद्धा तसंच म्हणायला लागले. दिवाळीनंतर तिने त्यावर हसणं सोडलं.

त्याच सुमाराला कळलं, की शिक्षण खात्याचे निरीक्षक येणार. ते तास मोजतात आणि ज्याच्याकडे पुरेसे तास नाहीत तो शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त म्हणजे नोकरी गेली. मी तशीच चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. सेक्रेटरींचा जावई त्या दिवशी आलेला होता.

‘शिवण घालतो ना मॅडम,’ जावई अगदी नम्रपणे म्हणाला. ‘पण मग एक काढावं लागेल. चित्रकला काढू की संगीत? तुम्ही सांगा.’

त्याचं बोट बटणावर तयार होतं. पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकत होती. खालून संगीताच्या सरांची पेटी ऐकू येत होती.

‘कुणालाच काढू नकोस. तिघांनाही ठेव.’

‘तसं होत नाही मॅडम. मशीन ऐकत नाही.’

‘मशीन नाही रे, तू ऐकत नाहीस,’ मी म्हणाले आणि बाहेर पडले.

मुख्याध्यापकांसमोर मी रात्री बसून हाताने केलेलं वेळापत्रक ठेवलं. ते म्हणाले, ‘बाई, दोन वेळापत्रकं दाखवली तर एक खोटं आहे असं वाटेल.’

‘मग खरं दाखवा, सर.’

‘छापलेल्याला खोटं कसं म्हणायचं?’ ते हळू आवाजात म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

निरीक्षक आले तेव्हा तिचा तास चालू होता. मी मुद्दाम त्यांना त्या खोलीवरून नेलं. मशिनी खडखडत होत्या, पोरं झबली शिवत होती. निरीक्षक आत डोकावले, एक झबलं हातात घेऊन छान म्हणाले, मग कागदावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, ‘हा तास कुठला?’

‘हा... जादा उपक्रम आहे, साहेब,’ मुख्याध्यापक म्हणाले.

तिने ते ऐकलं. ती रागावली की मालवणीत जायची. निरीक्षक पुढे गेल्यावर मला म्हणाली, ‘मी हंय उभी आसंय, आणि कागद म्हणता मी फ्री?’ मी तिचा हात धरून उभी राहिले.

नाताळनंतर तिला पत्र मिळालं. त्यात ‘कार्यमुक्त’ असा शब्द होता. तिने तो दोनदा वाचला आणि पत्राची घडी घातली. ‘फ्रीचं मराठी केलं गो त्यांनी,’ एवढंच म्हणाली आणि खोलीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पुढच्या फिरत्या तासाला मी वरांड्यातून चालले होते. शिवणाच्या खोलीला कुलूप होतं आणि दारासमोर मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात अर्धवट शिवलेलं झबलं. तास रद्द झाला की फळ्यावर सूचना लागते; पण कागदावर नसलेला तास रद्द तरी कोण करणार? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ‘बाई, आमच्या बाई कुठायत?’ एका मुलीने मला विचारलं.

गलका ऐकून मुख्याध्यापक आले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, खिशातून छापील कागद काढला आणि त्यावर बोट फिरवलं.

‘तुम्ही इथे नाही आहात,’ ते मुलांना म्हणाले. ‘तुम्ही आत्ता चित्रकलेच्या वर्गात आहात.’

मुलं एकमेकांकडे बघत तिथेच उभी राहिली.