बोटांना झेपेल ते पिस्तूल

डेल्फा नेपियरला एकसष्ट वर्षांत स्वतःसाठी पिस्तूल घ्यायची वेळ आली नव्हती. घरात बंदुका नव्हत्या असं नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरांत घर तिथे बंदूक असतेच. पण त्या होत्या नवऱ्याच्या. अर्ल खाणकामगार होता. तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला आणि दफनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या भावांनी कपाट उघडून सगळ्या बंदुका वाटून घेतल्या. तिथली रीतच तशी. भांडीकुंडी बायकोला, बंदुका भावांना. "तुला काय करायच्यात वहिनी?" असं थोरल्या दिराने विचारलं, आणि डेल्फालाही ते पटलं. वर तिने सगळ्यांना कॉफी पाजली.

त्या कॉफीची आता तिला चीड येत होती.

मंगळवारी तिची मुलगी ट्रीना दोन्ही पोरं घेऊन आली होती ती सुजलेला जबडा घेऊनच. नवऱ्याने, लॉनीने, मारलं होतं. कोर्टाने तात्पुरता हुकूम काढला की लॉनीने ट्रीनाच्या आणि पोरांच्या जवळ फिरकायचं नाही. पक्का निकाल सोमवारी. डेल्फाचं नाव त्या कागदावर नव्हतं, म्हणजे तिच्याशी बोलायला त्याला मनाई नव्हती. बुधवारी लॉनीचा तिलाच फोन आला. आवाज अगदी गोड. "सोमवार उजाडायच्या आधी माझी माणसं मी घेऊन जाणार. तुम्ही मधे येऊ नका, मॅमॉ." मॅमॉ म्हणजे आजी, पोरं तिला म्हणायची म्हणून तोही म्हणायचा.

तिने शेरीफच्या कचेरीत फोन केला. तिथला हवालदार भला होता. तिकडे थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने मिस म्हणतात. म्हणाला, "मिस डेल्फा, तुमच्या दरीत गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागतात. खोटं कशाला सांगू?" मग तिने थोरल्या दिराला फोन करून अर्लचं एखादं पिस्तूल चार दिवसांपुरतं मागितलं. दीर म्हणाला, नवराबायकोच्या भांडणात बंदूक कशाला आणतेस? बंदुका नेताना मात्र याला एवढा विचार सुचला नव्हता.

म्हणून शुक्रवारी, ती स्वयंपाकीण होती त्या शाळेतल्या पोरांचं जेवण वाढून झाल्यावर तिने एप्रन काढला आणि गावातलं होबर्ट साइझमोरचं बंदुकांचं दुकान गाठलं.

होबर्ट तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. शाळेत असताना तिच्याच हातचा कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, खाऊन वाढलेला. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "मिस डेल्फा! वाट चुकलात की काय?"

"घरात ठेवायला एक पिस्तूल हवंय," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

होबर्टने कारण विचारलं नाही आणि तिच्या हातांकडेही पाहिलं नाही. काचेखालून त्याने एक इवलंसं रिव्हॉल्वर काढलं. वजनाला हलकं, मूठ गुलाबी. "बायका हेच नेतात. पर्समधे मावतं, कटकट नाही."

खरं सांगायचं तर त्या जिल्ह्यातल्या निम्म्या बायकांच्या कपाटात असलं एक रिव्हॉल्वर पडलेलं आहे. नवऱ्याने, भावाने नाहीतर दुकानदाराने पसंत केलेलं. बाईमाणूस लहान, म्हणून पिस्तूल लहान, एवढाच हिशेब. हलकं पिस्तूल हाताला जास्त हिसका देतं आणि त्याचा चाप दगडासारखा घट्ट असतो, हे या शहाण्यांना चांगलं ठाऊक असतं. पण बाईला पिस्तूल देताना नेमकं आठवत नाही. बाई एकदा उडवते, मनगट चोळते आणि पुन्हा कधी त्याला हात लावत नाही.

डेल्फा ते उचलणार एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"काय होबर्ट! आणि आमच्या मॅमॉ इथे कशा?"

लॉनी होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. तिची गाडी बाहेर उभी दिसली म्हणूनच तो आत आला होता, यात शंका नव्हती. घरी ट्रीना पोरांना घेऊन एकटी आहे हे आता त्याला कळलं होतं.

होबर्टला यातलं काहीच माहीत नव्हतं. उलट त्याला मदतनीस मिळाल्याचा आनंद झाला. "बरा आलास. तुझ्या सासूबाई पिस्तूल बघताहेत. सांग जरा त्यांना समजावून." आणि त्याने रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री करून सरळ लॉनीच्या हातात दिलं.

डेल्फापासून हातभर अंतरावर तो उभा होता. हातात पिस्तूल, तोंडावर हसू. रिकामं आहे हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तिच्या मानेवर घाम फुटला. लॉनीने भिंतीकडे रोखून चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्.

"छान आहे. घ्या मॅमॉ, तुम्ही ओढून बघा."

नाही म्हणायला हवं होतं. पण तो बघतोय म्हटल्यावर तिला माघार घेववेना. तिने मूठ धरली आणि बोट चापावर ठेवलं. एकतीस वर्षं कणीक तिंबून आणि पातेली उचलून तिची बोटं संधिवाताने गाठाळली होती. तिने जोर लावला. चाप हलेना. दुसरं बोट लावलं. पिस्तूल थरथरलं, चाप जेमतेम अर्धा सरकला आणि परत आला.



"असू दे, असू दे," लॉनी हळूच म्हणाला आणि त्याने पिस्तूल तिच्या हातातून काढून घेतलं, लहान पोराच्या हातून सुरी घ्यावी तसं. "या वयात कशाला हे? तुम्ही आपल्या भाज्या चिरा. होबर्ट, त्यांचे पैसे वाया घालवू नकोस रे." तो हसत बाहेर गेला.

डेल्फाला लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती वाटली. तिला काय जमत नाही हे आता त्याला पक्कं कळलं होतं, आणि तेही तिनेच दाखवलं होतं.

"होबर्ट," ती म्हणाली, "ट्रीनाचा जबडा यानेच फोडलाय. हे पिस्तूल याच्यासाठीच हवंय मला."

होबर्टचा चेहरा पांढरा पडला. एकदा दाराकडे, एकदा त्या गुलाबी मुठीकडे त्याने पाहिलं. "मी त्याच्याच हातात..." एवढंच बोलून तो थांबला. मग म्हणाला, "हात दाखवा मिस डेल्फा." तिने दोन्ही हात काचेवर ठेवले. वैद्याने बघावेत तसे त्याने ते उलटसुलट करून पाहिले, आतल्या खोलीत गेला आणि एक काळं पिस्तूल घेऊन आला. मोठं होतं, जड होतं, दिसायला अजिबात नाजूक नव्हतं.

"जड आहे म्हणून घाबरू नका. जड म्हणूनच हिसका कमी. एरवी असल्या पिस्तुलाचा वरचा भाग जोराने मागे ओढावा लागतो, ते तुम्हाला जमणार नाही. याला ही कळ आहे. दाबली की नळी डब्याच्या झाकणासारखी वर उघडते. एक गोळी तिथे ठेवायची, झाकण लावायचं; बाकीच्या मुठीतल्या खणात असतात. हा घोडा अंगठ्याने मागे घेतला की चाप एकदम हलका."

तिने कळ दाबली. झाकण उघडलं. घोडा दोन्ही अंगठ्यांनी ओढला आणि चापाला बोट टेकवलं. खट्.

"पुन्हा करते," ती म्हणाली. सात वेळा केलं.

अर्ज भरला, तिच्या नावावर गुन्हा नाही ना, ही सरकारी चौकशी होबर्टने फोनवर उरकली, होकार आला. पण डेल्फा पिस्तूल घेऊन निघेना. "मागच्या खोलीत नेम शिकवतोस ना तू? आत्ता शिकव. लागतंय हे बघितल्याशिवाय मी घरी जाणार नाही." आधी तिने ट्रीनाला फोन करून दार आतून लावायला सांगितलं.

पहिल्या गोळीला तिने डोळे मिटले. ती छताला लागली. दुसरी कुठे गेली कोण जाणे. होबर्ट मागे उभा राहून एकच सांगत होता, "श्वास सोडा, मग दाबा." तिसऱ्या फेरीला कागदावरच्या काळ्या आकृतीच्या छातीत पाच भोकं पडली. डेल्फाला आनंद झाला नाही. त्या आकृतीला तोंड नव्हतं, पण तिला तिथे लॉनीचं दिसत होतं. अकरा वर्षं हा माणूस दर रविवारी तिच्या टेबलाशी जेवला होता.

पहिल्या दिवशीचा निशाण्याचा कागद होबर्ट नव्या गिऱ्हाइकाला तारीख घालून, सही करून देतो. लोक तो हौसेने घरी चिकटवतात. त्याने तसा तिला दिला. ती पिस्तुलाची पेटी आणि कागद घेऊन बाहेर आली.

लॉनीचा ट्रक तिच्या गाडीला लागून उभा होता. तो गेलाच नव्हता. काच खाली होती.

"झाली खरेदी? बघू तरी काय घेतलंत."

मागे दारात होबर्ट येऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून. डेल्फा ट्रकपाशी गेली आणि तिने कागद उलगडून लॉनीच्या पुढच्या काचेवर पसरला. छातीतली पाच भोकं बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आली. खाली आजची तारीख होती.

"माझ्या नातवंडांचा बाप आहेस तू," ती म्हणाली. "तुला मारावं लागलं तर मी जन्मभर झोपणार नाही. तरी पण मारीन लॉनी. आता मारता येतं मला."

तो कागदाकडे बघत राहिला. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तिने कागद काढून घेतला तशी त्याने गाडी चालू केली.

दुकानासमोरून रस्ता दोन्हीकडे जातो. डावीकडे डेल्फाची दरी, जिथे ट्रीना दार लावून बसली होती. उजवीकडे त्याचं स्वतःचं घर. ट्रक रस्त्याच्या तोंडाशी जाऊन थांबला. बराच वेळ थांबला.

मग तो उजवीकडे वळला.

डेल्फा गाडीत बसली, किल्ली लावली, पण बोटांत ती फिरवण्याएवढाही जीव उरला नव्हता. आज शुक्रवार होता. सोमवारला अजून तीन रात्री होत्या.