वहिनीचा काळा सूट आणि गोडं पाणी

"वृंदा, माझे ब्लाउज तुला अजून बसतात ना गं?" हॉस्पिटलच्या खाटेवर उशाला टेकून बसलेल्या वहिनीनं मला विचारलं. मालतीवहिनी माझी थोरली जाऊ. चेन्नईजवळ तांबरमला एकाच इमारतीत ती वर, आम्ही खाली. लग्नकार्याला एकमेकींचे ब्लाउज घालायची आमची जुनी रीत. मला वाटलं, हिला तिच्या कांजीवरमची वाटणी करायचीय. ते बोलणं उडवून लावायला मी फटकन म्हणाले, "बसतात, पण दंडात घट्ट होतात. तू पोहून कमावलेत, मी खाऊन!" ती खुदकन हसली. "घट्टच हवं," म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. त्याच आठवड्यात ती गेली...

वहिनी संरक्षण कारखान्यात ड्रॉइंग विभागात होती. रेघ म्हणजे रेघ, इकडची तिकडे नाही. चाळिशी उलटल्यावर या बाईनं पोहणं शिकायला घेतलं आणि मग थांबलीच नाही. आधी तलाव, मग बेसंट नगरचा समुद्र, आणि एक दिवस जाहीर केलं की परदेशात ट्रायथलॉन करणार. म्हणजे पोहायचं, लगेच सायकल हाणायची, लगेच धावायचं. "कोण मागे लागलंय तुझ्या?" मी विचारलं. तिकडच्या तळ्याचं पाणी इतकं गार की वेटसूट घातल्याशिवाय आत सोडतच नाहीत, म्हणून तो काळा रबरी सूट आमच्या घरात आला. चेन्नईत! जिथे डिसेंबरातही पंखा बंद केला की माणसं उठून बसतात, तिथे ही बाई मार्गळीच्या, म्हणजे धनुर्मासाच्या, पहाटे गळ्यापासून घोट्यापर्यंत रबरात बंद होऊन समुद्रात उतरायची. घामानं निथळत किनाऱ्यावर उभी असायची आणि नावेवाला मुरुगन मोठ्या काळजीनं विचारायचा, "अक्का, कुळिरुदा?" थंडी वाजते का, म्हणे!

तो सूट चढवणं हा एक सोहळाच होता. पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे पाय सरकन आत जातो. हातात सुती मोजे, कारण नख लागलं की रबराला चंद्रकोरीसारखी चीर पडते. मग बोटांच्या पेरांनी चिमूट चिमूट वर सरकवायचा, पोटरी, मांडी, कंबर... मागची चेन ओढायला मी. एकदा तिचे हाल बघवेनात म्हणून मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. आपल्याकडे अडलेली बांगडी, चिकटलेला फणस, सगळ्यावर तेच औषध. वहिनी अशी ओरडली की बाटली हातातून पडायची बाकी होती. "रबर आहे ते, माझं डोकं नाही! तेलानं कुजेल."

पण एवढी काटेकोर बाईसुद्धा एकदा फसली. समुद्रातून आलं की सूट धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा आणि खांद्यांवर न टांगता कमरेशी दुमडून जाड दांडीवर टाकायचा, हे तिनं मन लावून केलं. तरी सुटावर पांढरी पुटं चढायला लागली. आणखी धुतलं, आणखी पुटं! शेवटी तिनं बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारला. समुद्राचं मीठ काढायला आम्ही बोरचं खारं पाणी वापरत होतो. त्या दिवसापासून सुटाच्या अंघोळीला पिण्याच्या पाण्याचा कॅन लागला. शेवटच्या खळबळलेल्या पाण्याचा थेंब ती जिभेवर ठेवायची. खारट लागलं की पुन्हा धुणं. भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, नुसता तिळपापड. "माणसं बोरच्या पाण्यानं न्हातात आणि रबराला मिनरल वॉटर! उद्या अत्तर लावा!"

ती गेली परदेशात. परत आल्यावर पदकाबद्दल एक अक्षर बोलली नाही, सांगितलं ते निराळंच. पाण्यात उडी घेतली आणि गारठ्यानं तिचा श्वासच अडकला. सूट छातीला आवळतोय, चहूबाजूंनी लोकांचे हातपाय लागतायत. "वृंदा, मला वाटलं, संपलं आता. मग आठवलं, हा सूट बुडू देत नाही. पाठीवर पडले. वर ढग, आणि मी आपली तरंगतेय. श्वास आला परत, मग वळले आणि पोहले." मी भाजी निवडत होते, हात थांबला. पायाशी लाट आली तरी साडी गोळा करून पळणारी मी. या बाईबरोबर मी इतकी वर्षं एका जिन्यावरून चढउतार केली आणि ती कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दिवसकार्य उरकल्यावर भाऊजी खाली आले. दोन्ही हातांवर तो सूट, तान्हं बाळ आणावं तसा. "तुझ्यासाठी ठेवलाय तिनं. म्हणाली, वापरात नसला की रबर कडक होतं, तडकतं. वृंदाला बसतो, मी विचारून घेतलंय."

म्हणजे ब्लाउज! अगं बाई वहिनी... मी रडले, मग चिडले. "भाऊजी, मला पोहता येत नाही! कोणातरी पोहणाऱ्याला देऊन टाका."

"मीही तेच म्हटलं तिला," भाऊजी म्हणाले. "तर म्हणते, पोहायला कोण सांगतंय, तरंगू दे की."

मी तो महिनाभर दांडीवर तसाच राहू दिला. येताजाता दिसायचा. एकदा हात लावून पाहिला तर गुडघ्याची घडी ताठ लागली, वहिनी म्हणाली होती तशी. गेल्या रविवारी पायाला पिशव्या बांधल्या, हातात मोजे घातले. चेन भाऊजींच्या लेकीनं ओढली. दंडात घट्ट होताच! किनाऱ्यावर मुरुगननं मला बघितलं आणि शेजारून पाण्यात चालत आला. छातीपर्यंत पाणी आलं तशी मी रामरक्षा सुरू केली. मग त्याचा हात घट्ट धरला आणि पाठीवर पडले. खालून कोणीतरी उचलावं तसं झालं. कानात पाणी, वर ढग, आणि मी, वृंदा, समुद्रावर! वहिनी गं, काय बाई होतीस तू! मी मोठ्यानं म्हटलं, मुरुगनला कळलं नसावं.

घरी आलो. भाऊजींनी न सांगता कॅन फोडला, बादलीत ओतला, सूट खळबळला. मग वहिनीसारखंच बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे अजून," म्हणाले आणि दुसरा कॅन आणायला उठले.