मी गेलो, मी गेले

दादाने पहिला फटका दिवाळी अंकानेच मारला. सव्वादोनशे पानांचा अंक, गुंडाळी केली की लाटण्यासारखा लागतो. कानाखाली बसला आणि माझा चष्मा उडून चकल्यांच्या परातीत पडला. माजघरात बसून वहिनी चकल्या पाडत होती. तिने चष्मा उचलला, पदराला पुसला, माझ्याजवळ ठेवला आणि परात घेऊन स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

"काय गो हे?" दादा ओरडला. "हातखंब्याच्या तिठ्यावर लोकं मला वाचून दाखवतायत. 'मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.' झोपले? कोण झोपले?"

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. त्यामुळे कान सणसणत असतानाही मला चूक कुठे आहे ते कळलं. मी 'झोपलो' लिहिलं होतं.

बारा वर्षं मी तसंच लिहीत आले. माझ्या कथांमधला 'मी' हा पुरुष असायचा. तो आलो, गेलो, थांबलो म्हणायचा, आणि त्याचं जिच्यावर प्रेम असायचं ती राजापूरच्या एका बँकेत काम करणारी, चिडली की नखाने टेबल कुरतडणारी बाई असायची. ती खरी होती. शनिवारी दुपारच्या एसटीने मी तिच्याकडे जायचे, घरी सांगायचे की अभ्यासमंडळाची बैठक आहे. परीक्षणं चांगली यायची. 'पुरुषाच्या मनाचा ठाव घेणारी लेखिका' असं एकाने लिहिलं, तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. पुरुषाच्या मनाशी माझा संबंध दादापुरता, आणि त्याचा ठाव मला कधी लागला नाही.

मी एकटीच तशी नव्हते. मुंबईचा एक कथाकार माझा मित्र आहे. त्याच्या नायिका पुरुषांसाठी झुरतात, आणि स्त्रीवाचक त्याला पत्रं लिहितात की भाऊ, तुम्हाला आमचं दुःख कसं कळतं? आम्ही भेटलो की म्हणायचो, तुझी क्रियापदं मला दे, माझी तू घे, दोघांचंही भागेल. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं बरं असतं, 'मी गेलो'ही तेच आणि 'मी गेले'ही तेच. मराठीत तोंड उघडलं की माणूस उघडा पडतो.

त्या दुपारी मी दादाला म्हटलं, "छपाईची चूक आहे." एवढंच बोलून थांबायला हवं होतं. पण जीभ माझी, ती कुठली थांबते! "आणि नसली तरी तुला काय?" असंही म्हणाले. मग त्याने पडवीतून आंबे काढायच्या झेल्याची काठी आणली. पहिला वार पाठीवर बसला, दुसरा मी हाताने अडवला आणि डाव्या हाताची करंगळी मोडली. कट्कन आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. मी त्याच्या मनगटाला चावले. दात रुतले, रक्ताची चव आली, तो बोंबलला तरी मी सोडलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, नोकरीवाली, पुरस्कारवाली, आणि कुत्र्यासारखी चावत होते. सोडल्यावर त्याने मला केसांना धरून खांबावर आपटलं.

करंगळीला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलं, पडवीत पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, "घसरलात, होय?" आणि कपाळावरचं टेंगूळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. दादाने माझं कपाट उपसलं. जुने अंक, कच्चे खर्डे, अर्धी झालेली कादंबरी, सगळं न्हाणीघराच्या चुलीत घातलं आणि त्यावर पाणी तापवलं. त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. वहिनीने दादाला उटणं लावलं, कारीट फोडलं, रीतसर सगळं झालं. मला हाक मारली तेव्हा मी गेले नाही. तीन वर्षांची कादंबरी होती. मी ओट्यावर बसून एकच विचार करत होते, की हा झोपला असताना याच्या डोक्यात पाटा घालता येईल का. पाटा जड आहे, एका हाताने उचलणार नाही, म्हणून राहिलं.

भाऊबीज झाल्यावर मी अंकाच्या मुद्रितशोधकांना फोन केला. सत्तरीचे गृहस्थ, कोल्हापूरकडचे. मी शिव्या देणार होते, तयारीच केली होती. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या भागात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आमची आई तसंच बोलायची. मला वाटलं, तुमच्या रत्नागिरीकडंबी तसंच असंल. पण अंकाला प्रमाणभाषा लागते. म्हणून सगळं सरळ केलं."

"अहो, पण तो पुरुष होता!"

ते म्हणाले, "कोण? तो 'मी'? मला तर पहिल्या पानापासून बाईच वाटली."

"आणि मग त्या दोघी एकमेकींच्या...?"

"त्याचं काय? असतात. माझं काम शुद्धलेखनाचं."

बारा वर्षांत एकाही समीक्षकाला जे दिसलं नव्हतं ते या माणसाला दिसलं होतं, आणि त्याने ते शुद्धलेखन समजून दुरुस्त केलं होतं. मी फोन ठेवला आणि रडले.

संध्याकाळी दादाने एक कागद समोर टाकला. मनगटाला त्याच्या फडकं गुंडाळलेलं होतं. कागदावर त्याच्या अक्षरात मजकूर होता. कथेतला निवेदक पुरुष आहे, छपाईच्या चुकीने तो स्त्री झाला, वाचकांचा गैरसमज झाल्याबद्दल लेखिका दिलगीर आहे. "उद्या सकाळी माझ्यासमोर फोन लावायचा नि हे छापायला सांगायचं," तो म्हणाला. "माझ्या पोरीला बघायला यायचेत पुढच्या महिन्यात. नाही सांगितलंस तर मी राजापूरला जातो. ती बँकेतली कोण, ते काढलंय मी. तुझी करंगळी मोडली, तिचे हातपाय मोडीन."

तो करील, हे मला माहीत होतं. गोष्ट तर तशीही लोक विसरले असते. चार ओळींची दुरुस्ती, की सगळं पूर्वीसारखं: नोकरी, घर, शनिवारची एसटी. एका लेखिकेने आणखी काय मागावं? आणि खोटं तरी काय होतं त्यात? मी खरंच 'झोपलो' लिहिलं होतं.

मागच्या अंगणात जाऊन मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती भडकली. "येऊ दे त्याला. बँकेत बारा माणसं आहेत, बाहेर बंदूकवाला आहे. त्याचं तू मला सांगू नकोस. तू तुझं सांग. बारा वर्षं तुझ्या गोष्टींत मी आहे. माझी नखं, माझा चहा, माझ्या पाठीवरचा तीळसुद्धा. तू कुठे होतीस? मी कोणा परक्या बाप्याबरोबर राहत होते काय?"

तिने फोन आपटला.

सकाळी दहाला दादा समोर बसला, काठी मांडीवर आडवी. वहिनी दारात उभी राहिली. मी संपादकबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला. बाई म्हणाल्या की मुद्रितशोधकांकडून त्यांना कळलंय, झाल्या प्रकाराने त्यांनाही वाईट वाटतंय, संकेतस्थळावर आजच दुरुस्ती टाकू, मजकूर सांगा, लिहून घेते.

दादाने कागद माझ्याकडे सरकवला. मी तो बाजूला केला आणि अंक उघडला. कथा मी रात्रीतून सहा वेळा वाचली होती, पेपर तपासावेत तशी, लाल पेन घेऊन.

"पान एकशे अठरा," मी म्हटलं. "शेवटून तिसरी ओळ. 'पाऊस थांबेपर्यंत मी तिच्यासाठी थांबलो.' मुद्रितशोधकांच्या नजरेतून तेवढं एकच सुटलंय. तिथे 'थांबले' करा."

दादाला समजायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि बाकीचं?"

"बाकी सगळं बरोबर छापलंय."

काठी खांद्यावर बसली. फोन हातातून निसटून जमिनीवर पडला. "हॅलो, हॅलो," बाई म्हणत होत्या, "तुटलं मधेच, काय करू म्हणालात?" दुसरा वार कमरेत बसला. मी गुडघ्यांवर आले, फोनशी तोंड नेलं.

"काना काढा," मी म्हटलं. "मात्रा राहू द्या."